मिस थर्लवेल यांचे अग्रलेख

लंडन, ११ ऑक्टोबर १८८९

प्रिय बाबा,

चौदा महिन्यांनी लिहिते आहे. मध्ये दोनदा लिहायला बसले होते, पण दोन्ही वेळा तिसऱ्या ओळीलाच भांडण सुरू झालं, म्हणून फाडून टाकलं. आज भांडायचं नाही. एक काम आहे आणि ते तुमच्याखेरीज अख्ख्या लीड्समध्ये कुणाला जमणार नाही.

'मॉर्निंग बीकन'मधली मंगळवारची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. पाहिली कसली, तुमच्याच जुळणी खात्यातल्या कुणीतरी तिचे खिळे जुळवले असतील. 'दिवंगत संपादक मि. हेबल्थवेट यांचे निवडक अग्रलेख, वसंतात प्रसिद्ध होणार.' मालकांनी संपादकांच्या आठवणीसाठी पुस्तक काढावं यात गैर काही नाही. पण जाहिरातीत नमुन्यादाखल सोळा लेखांची नावं दिली आहेत, आणि त्यातले चौदा लेख मिस थर्लवेल यांचे आहेत.

हे तुम्हाला मी सांगायला नको. एकवीस वर्षं रोज दुपारी त्यांचा कागद तुमच्या खात्यात येत होता. मालकांना हे ठाऊक नसेल असं मी धरून चालते. संपादकांना ठाऊक होतं, ते गेले. उरलात तुम्ही चौदा जुळारी. अग्रलेखावर लिहिणाऱ्याचं नाव छापायचं नाही, ही पेपराची रीत. पण अक्षर कुणाचं हे ते जुळवणाऱ्यापासून कसं लपणार?

मला तर त्या अक्षराची ओळख तुम्हीच करून दिलीत. मी सहा वर्षांची असताना तुम्ही घरी प्रुफं आणायचात आणि सांगायचात, "हे बघ हेस्टर, वाक्य असं उभं राहायला हवं. बुटाला चिखल न लागू देता रस्ता ओलांडणाऱ्या माणसासारखं." तुम्ही सगळे तेव्हा त्या लिहिणाऱ्याला 'पाद्रीबुवा' म्हणत होतात, इतकं ते अक्षर स्वच्छ. मग हॅगवुड खाणीतला स्फोट झाला आणि मेलेल्यांची यादी छापायला आली असताना गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेल्या एक बाई तुमच्या खात्यात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सत्तावीस नंबरचा माणूस जॉन नाही, जॉब आहे. त्याची आई बाहेर उभी आहे. तिनं चुकीचं नाव वाचता कामा नये." त्यांनी यादीवर केलेल्या दुरुस्तीचं अक्षर तुम्ही ओळखलंत, ते नाव बदललंत आणि घरी येऊन आत्याला म्हणालात, "तबिथा, आपले पाद्रीबुवा स्कर्ट घालतात." आत्याच्या हातून पळी पडली होती. मला आठवतंय.

त्याच बाईंचं नाव आता पुसलं जाणार आहे. व्हिटबीच्या एका शीड शिवणाऱ्याची ही मुलगी. एकोणिसाव्या वर्षी भावाच्या नावानं पेपरात पत्रं लिहायला लागली. कापसाच्या टंचाईत गिरण्या बंद पडल्या तेव्हा लँकेशायरमधल्या नऊ गावांतून पायी हिंडली आणि कुठल्या घरात काय शिजतंय ते झाकणं उघडून पाहून लिहिलं. निराधारांच्या आश्रमातल्या म्हाताऱ्या बायकांविषयी लिहायचं म्हणून तिथे भांडी घासायला तीन दिवस राहिली. तिच्या लेखांमुळे तिथल्या खिडक्यांना काचा लागल्या. आता उजव्या हाताची बोटं वळत नाहीत. त्या सांगतात, मी लिहून घेते.

बाबा, तुम्ही मालकांना फक्त चार ओळी लिहा, की अक्षर कुणाचं होतं. एवढंच.

तुमची मुलगी,
हेस्टर

---

लंडन, ६ नोव्हेंबर १८८९

प्रिय बाबा,

तुमचं कार्ड मिळालं. 'छापखान्याच्या चॅपेलमध्ये, आम्हा जुळाऱ्यांच्या संघटनेत, कुणाचं अक्षर आलं ते बाहेर सांगायचं नाही, हे मला उमेदवारीच्या पहिल्या दिवशी शिकवलं. तुझ्या आत्यानं पार्किन पाठवला आहे. ई. अ‍ॅक्रॉइड.' स्वतःच्या मुलीला पूर्ण सही करून पत्र पाठवणारा दुसरा बाप यॉर्कशायरमध्ये नसेल.

पार्किनचा केक छान होता. काल शेकोट्यांच्या दिवशी आम्ही दोघींनी चहाबरोबर खाल्ला. मिस थर्लवेल म्हणाल्या, "तुझ्या आत्याला सांग, लंडनमध्ये याच्या नावाखाली जे विकतात त्यानं घराच्या भिंती बांधता येतील."

कार्ड मी त्यांना दाखवलं. चिडतील असं वाटलं होतं. उलट त्यांनी ते दोनदा वाचलं आणि हसत म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. ही माणसं अशी नसती तर मी एकवीस वर्षं बिननावानं लिहूच शकले नसते. एकानं जरी दारूच्या गुत्त्यात तोंड उघडलं असतं तरी दुसऱ्या दिवशी सगळे म्हणाले असते, अरे, ही तर बाई, हिला खाणीतलं काय कळतं!"

आता एक कबुली. मागच्या पत्रात मी ती दिली नाही, कारण आधी तुमचा होकार मिळवायचा होता. तुम्हाला लिहिण्याच्या आदल्या दिवशीच मी मालकांना स्वतः पत्र लिहिलं होतं. मिस थर्लवेल यांना न विचारता. 'त्यांची सेक्रेटरी, हेस्टर अ‍ॅक्रॉइड, बी.ए.' अशी सही केली होती. ते 'बी.ए.' लिहिताना मला केवढा आधार वाटला होता. आपल्या घराण्यात आजवर कुणाच्या नावापुढे अक्षरं लागली नव्हती, आता ती लागली आहेत, तर त्यांच्या जोरावर न्याय मिळेल असं वाटलं.

शुक्रवारी उत्तर आलं, तेही मिस थर्लवेल यांच्या नावानं. मालकांच्या व्यवस्थापकांनी, मि. पिम यांनी, अतिशय गोड भाषेत विचारलं होतं की आपल्या सेक्रेटरीबाईंच्या दाव्याला आपली संमती आहे का, आणि असल्यास पुरावा काय. मीच ते वाचून दाखवत होते. अर्ध्यावर मी थांबले.

त्या म्हणाल्या, "पुढे वाच." मी पूर्ण वाचलं.

"हेस्टर, नाव सांगणार नाही हा शब्द मि. हेबल्थवेटना कुणी दिला होता?"

"तुम्ही."

"मग तो मोडायचा कुणी?"

"पण त्यांनी पुस्तक काढायला सांगितलं नव्हतं! ते जिवंत असते तर त्यांनीच हे थांबवलं असतं. हा उघड अन्याय आहे!"

"आहे ना. पण माझा आहे. तू तुझा वेगळा शोध."

मग त्यांनी ते पत्र माझ्याकडून मागून घेतलं. नंतर म्हणाल्या, "मी पंचवीस वर्षांची असताना सात संपादकांनी माझे लेख परत केले. आठव्यानं विचारलं, बाई, रोज लिहाल का? तो माणूस शूर नव्हता, पण त्यानं मला रोज जागा दिली. माझं नाव त्यानं लपवलं, आणि माझ्यावर येणाऱ्या शिव्या स्वतःच्या नावावर घेतल्या. एकदा तर एका गिरणीवाल्याचा चाबूकही. मी मालकांना 'नाही' असं कळवणार आहे. उद्या लिहून घे."

दुसऱ्या दिवशी मी ते पत्र लिहून घेतलं. 'माझा कोणताही दावा नाही.' इतकं सुंदर, चार ओळींचं पत्र मी कधी लिहिलं नव्हतं, आणि इतक्या रागानंही नाही.

तेव्हा आता त्या बोलणार नाहीत, तुम्ही बोलणार नाही आणि माझं कुणी ऐकणार नाही. पुस्तक मार्चमध्ये येईल.

हेस्टर

---

लंडन, २४ नोव्हेंबर १८८९

प्रिय बाबा,

तुम्ही उत्तर दिलं नाहीत तरी हे पत्र लिहायलाच हवं होतं. याच्याबरोबर एक कागद आहे. आधी हे वाचा, मग तो.

गेल्या वर्षी मे महिन्यात मालकांनी तुमच्या खात्यात नऊ मुली आणायचं ठरवलं, निम्म्या मजुरीवर. तुम्ही चॅपेलचे प्रमुख म्हणून सगळ्या जुळाऱ्यांना संपावर नेलंत. त्याच्या आदल्या दिवशी 'बीकन'मध्ये अग्रलेख आला, की मुलींच्या बोटांत कसब आहे आणि त्यांना खिळे जुळवण्याच्या कामापासून अडवणं अन्यायाचं आहे. तो तुम्हीच जुळवला होतात. म्हणजे त्याचा एक तुकडा. हातानं लिहिलेला कागद आडवा कापून आठ जणांना आठ तुकडे वाटायचे, म्हणजे काम लवकर उरकतं, आणि कुणालाच पूर्ण लेख वाचायला मिळत नाही. तुमच्या वाट्याला तिसरा तुकडा आला होता. अक्षर ओळखून तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत, असं आत्या म्हणाली होती.

पेपर आला त्या सकाळी न्याहारीला मी तोच लेख तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवला. मला तो पाठच झाला होता. तुम्ही म्हणालात, "वीस वर्षं जिचं अक्षर लावलं तिनंच आमच्या पोटावर पाय दिला." मी म्हणाले, तुम्हाला मुलींची भीती वाटते. तुम्ही भित्रे आहात. तुम्ही कप खाली ठेवला आणि परसात जाऊन उभे राहिलात. ऑगस्टमध्ये मी त्यांच्याकडे कामाला जायला निघाले तेव्हा तुम्ही दारापर्यंतही आला नाहीत. तेव्हा मी आत्याला म्हटलं होतं की मला काही वाटत नाही. ते खोटं होतं.

परवा मी त्यांच्या जुन्या वह्या लावत होते. त्या प्रत्येक लेख आधी वहीत कच्चा लिहायच्या. तो लेखही सापडला. वहीत तो पेपरातल्यापेक्षा एका परिच्छेदानं मोठा आहे. मी त्यांना विचारलं.

"हो," त्या म्हणाल्या. "शेवटचा तुकडा खाली जुळाऱ्यांकडे गेलाच नाही. मि. हेबल्थवेटनी तो टेबलाच्या खणात टाकला. मालक खोलीत बसले होते."

"आणि तुम्ही गप्प बसलात? लीड्सच्या सगळ्या जुळाऱ्यांनी तुम्हाला शिव्या घातल्या!"

"त्यांनी 'बीकन'ला शिव्या घातल्या. माझं नाव कुठे होतं त्याच्यावर?" मग म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना मात्र अक्षर माहीत होतं. तेवढं लागलं मला."

तो परिच्छेद मी उतरवून पाठवते आहे. त्यात लिहिलं आहे, की मुलींना खिळ्यांच्या पेटीपाशी उभं करायचं असेल तर पहिल्या दिवसापासून पुरुषाइतकीच मजुरी द्या. कमी मजुरीवर आणलेली मुलगी ही मुलीवरही अन्याय आणि शेजारच्या पुरुषावरही. आणि पुढे, की चॅपेलनं दार लावून बसू नये, मुलींना आत घ्यावं.

म्हणजे अर्ध्या लेखावरून तुम्ही त्यांना शत्रू ठरवलंत आणि त्याच अर्ध्या लेखावरून मी तुम्हाला भित्रा म्हटलं. तुमचं मत निदान तिसऱ्या तुकड्यावर बनलं होतं. मी तर पदवीधर होते, पूर्ण छापलेलं पान समोर होतं, आणि निम्म्या मजुरीचं काय, हा प्रश्न मला सुचलाच नाही. तो शब्द मी परत घेते. हे आधीच करायला हवं होतं.

यातलं शेवटचं वाक्य, चॅपेलच्या दाराचं, तुम्हाला आवडणार नाही. तेही मी गाळलेलं नाही.

हेस्टर

---

लंडन, १८ जानेवारी १८९०

प्रिय बाबा,

तुम्ही काय करून बसला आहात!

तुम्ही मला एक अक्षर लिहिलं नाहीत. मला कळलं ते मि. पिम यांच्या तोंडून. गुरुवारी ते स्वतः इथे आले. जाड, घामाघूम, हातात टोपी. मिस थर्लवेलनी त्यांना शेगडीजवळ बसवलं, मी चहा ओतला.

"बाईसाहेब," ते म्हणाले, "खरं सांगा, आपण त्या माणसांना काही कळवलंत का?"

"कुठल्या माणसांना?"

"आमच्या जुळाऱ्यांना! पुस्तक पूर्ण जुळवून झालं, साठच्या साठ लेख. एक कुरकूर नाही. सोमवारी शीर्षकपान खाली दिलं. दुपारी ते तसंच वर आलं. न जुळवता."

"कारण काय सांगितलं?"

"तेच तर! कारणच नाही! म्हातारा अ‍ॅक्रॉइड म्हणतो, 'आम्हाला काही म्हणायचं नाही, साहेब.' मी म्हटलं, मग जुळवा. तर म्हणतो, 'तेवढं पान सोडून काहीही द्या.' मी ते दुसऱ्याला दिलं. त्यानं वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि माझ्या हातात ठेवलं. तिसरा म्हणाला, त्याच्या बोटाला लागलंय. बोट चांगलं धडधाकट! चौदा माणसं, बाईसाहेब. काम सुरू आहे, पेपर वेळेवर निघतो आहे, माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतात. फक्त ते एक पान कुणी जुळवत नाही."

मिस थर्लवेल गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "दुसऱ्या छापखान्यात द्या."

"दिलं! तिथे याचा मेहुणा, त्याचा भाचा! तिथेही बोटाला लागलं!"

मला हसू आवरेना. किटली भरायच्या निमित्तानं मी उठून आत गेले आणि तिथे हसता हसता रडले. कुणाचं गुपित फोडलं नाहीत. कुणाचा शब्द मोडला नाहीत. खोटं नाव जुळवायला फक्त हात लावला नाहीत. दोन महिने मी मोठमोठ्या शब्दांत न्याय मागत होते, आणि तुम्ही तेवढ्या वेळात चॅपेलची बैठक बोलावून चौदा माणसांना न बोलण्यावर एकमतानं तयार केलंत.

मी परत आले तेव्हा मि. पिम विचारत होते, "मग मी करू तरी काय?"

"नाव काढून टाका," मिस थर्लवेल म्हणाल्या. "'बीकनचे अग्रलेख' एवढंच छापा. लेख जन्मले तेव्हाही त्यांच्यावर नाव नव्हतं. मि. हेबल्थवेट यांचं चित्र घाला, त्यांनी ते छापले असं लिहा. ते खरंच आहे."

मी मध्ये बोलले. "आणि तुमचं नाव?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मि. पिम यांच्याकडे वळल्या. "माझी एकच विनंती आहे. अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यातला लेख घेतलाय ना? तो पूर्ण घ्या. शेवटचा परिच्छेद छापायचा राहिला होता."

मी वही आणून दिली. मि. पिम वाचत गेले तसे त्यांचे कान लाल झाले. "हे मालकांना चालणार नाही."

"मालकांना काय चालत नाही ते तुम्ही बघाल. चॅपेलला काय चालत नाही ते तुम्ही सोमवारपासून बघताच आहात."

"हे तर चॅपेललाही चालणार नाही, बाईसाहेब! मुलींना आत घ्या म्हणे! अ‍ॅक्रॉइड हे जुळवील?"

"ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा थकलेला वाटला. "त्यांना विचारून बघा."

ते गेल्यावर मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, चौदा माणसांनी तुमच्यासाठी एवढं केलं, नाव मागायची हीच वेळ होती. त्या म्हणाल्या, "नाव माझ्याबरोबर दहा-बारा वर्षं जगेल. तो परिच्छेद छापला गेला तर कुणीतरी त्यावर भांडेल. मला तेच हवंय." मला हे अजून पटलेलं नाही, बाबा. पण असं म्हणणाऱ्या बाईच्या घरी आपण आहोत याचा मला किती अभिमान आहे ते सांगता येत नाही.

आता सगळं तुमच्या हातात आहे. मी काही मागत नाही. मागून झालं आहे.

हेस्टर

---

लंडन, १३ फेब्रुवारी १८९०

प्रिय बाबा,

आज सकाळच्या टपालानं 'बीकन'कडून मोठा लिफाफा आला. शीर्षकपानाचं प्रूफ, त्यावर कुणाचंच नाव नाही. आणि मे महिन्यातल्या त्या लेखाचं प्रूफ, शेवटच्या परिच्छेदासकट.

मि. पिम यांच्यासाठी मी वहीतून उतरवून दिलेला पूर्ण लेखाचा कागद प्रुफाबरोबर परत आला होता. तो कापलेला नव्हता. आठ तुकडे नाहीत, त्यांवर जुळवणाऱ्यांची आठ नावं नाहीत. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलनं एकच नाव होतं, तुमचं. म्हणजे तो लेख तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्यानं वाचलात आणि एकट्यानं जुळवलात.

मिस थर्लवेलनी प्रूफ नेहमीसारखं तपासलं. एका ठिकाणी स्वल्पविराम उलटा लागलाय, तो त्यांनी लगेच पकडला. "एनॉक अ‍ॅक्रॉइड चिडून जुळवत असणार," त्या म्हणाल्या. "एरवी त्यांच्या प्रुफात मला कधी काही मिळालं नाही." मग त्यांची नजर समासात गेली.

जुळाऱ्याला शंका आली तर तो समासात लिहितो, 'संपादकांस विचारावे'. एकवीस वर्षं त्यांच्या लेखांवरच्या सगळ्या शंका संपादकांच्या नावानं आल्या. या वेळी तुम्ही लिहिलं होतं:

'मिस थर्लवेल यांस. हे वाक्य मला मान्य नसताना जुळवले आहे. मुलींना आमच्याइतकी मजुरी मालक कधी काळी देतील, असे आपणांस खरोखर वाटते काय? ई. अ‍ॅक्रॉइड.'

त्यांनी ते वाचलं. प्रूफ मांडीवर ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा वाचलं. मी इतके महिने ज्यासाठी धडपडत होते ते त्यांना नको होतं, असं मी समजत होते. तसं नव्हतं. "बघ," त्या म्हणाल्या, "माझं नाव लिहिलंय." एवढंच म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या.

थोड्या वेळानं त्यांच्या आवाजात नेहमीचा खणखणीतपणा आला. "चल, उत्तर घे. त्यांच्या प्रश्नाखालीच लिही. लहान अक्षरात, जागा कमी आहे."

मी लिहिलं:

'मि. अ‍ॅक्रॉइड यांस. आपोआप देणार नाहीत. आपण चौदा जण त्या मुलींच्या शेजारी उभे राहून मागाल, तर देतील. एक पान कसे अडवायचे हे आपणांस माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. ऑ. थर्लवेल.'

तुम्ही हे वाचून डोकं खाजवाल आणि म्हणाल, ही बाई कधी ऐकायची नाही. मग चॅपेलपुढे हे ठेवायचं की खणात टाकायचं, ते तुम्हाला ठरवावं लागेल. मी सांगून ठेवते, मी चॅपेलपुढे ठेवा असं म्हणणार आहे, आणि तुम्ही नाही म्हणालात तर रविवारभर तुमच्याशी वाद घालणार आहे. या वेळी पूर्ण लेख वाचून.

प्रूफ सोमवारी सकाळपर्यंत परत हवं असं तुम्ही वर लिहिलं आहे. टपालावर माझा भरवसा नाही. शनिवारी दुपारच्या गाडीनं मी ते स्वतः घेऊन येते आहे.

तुमची,
हेस्टर